एका महिन्याचें जग : डिसेंबर १९६७

इतिहासाच्या पुस्तकांत जग नीटनेटकें दिसतें. तेथें एक युद्ध संपलें म्हणजे दुसरें प्रकरण सुरू होतें आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं प्रश्न दिलेले असतात. वर्तमानपत्रांत मात्र सर्व कांहीं एकाच वेळीं घडत असतें. एका रकान्यांत राजा पळून जातो, दुसऱ्यांत पूल पडतो, तिसऱ्यांत क्रिकेटचा धावफलक असतो. आणि यांपैकीं कोणती गोष्ट पन्नास वर्षांनीं आठवावी लागेल, हें त्या दिवशींच्या संपादकासही ठाऊक नसतें. म्हणून या लेखांत आम्हीं एक निराळा अभ्यास योजिला आहे. एकच महिना घ्यावयाचा, त्यांत जगांत काय काय घडलें तें तारीखवार पाहावयाचें, आणि त्या त्या बातमीचें पुढें काय झालें तें आजच्या माहितीनें पडताळावयाचें. आम्हीं निवडलेला महिना म्हणजे १९६७ सालचा डिसेंबर. निवडीचें एक कारण असें कीं, त्या महिन्यांत आपल्या महाराष्ट्रांतील एका खोऱ्याचें नांव जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत कायमचें लिहिलें गेलें, आणि तें कोणास अभिमान वाटावा अशा रीतीनें लिहिलें गेलें नाहीं.

विद्यार्थ्यांनीं जगाचा नकाशा पुढें घेऊन बसावें. त्या वेळीं सुवेझचा कालवा बंद होता. जूनमध्यें इस्राएल व अरब राष्ट्रें यांचें सहा दिवसांचें युद्ध झालें, तेव्हांपासून तो बंद पडला आणि १९७५ पर्यंत उघडला नाहीं. त्यामुळें मुंबईहून युरोपास जाणारीं जहाजें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून जात. व्हिएतनाममध्यें अमेरिकेचे पावणेपांच लाखांहून अधिक सैनिक होते. आपल्याकडे इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या, आणि दोन वर्षांच्या अवर्षणानंतर देशांत पाऊसपाणी बरें झालें होतें. मुंबईस दूरदर्शन येण्यास अद्याप पांच वर्षांचा अवकाश होता. बातमी म्हणजे सकाळचें वर्तमानपत्र आणि आकाशवाणी.

महिन्याची पहिली मोठी बातमी त्या आफ्रिकेच्या टोंकावरूनच आली. ३ डिसेंबर, रविवारच्या पहांटे, केप टाऊन येथील ग्रूट स्कूर रुग्णालयांत डॉक्टर ख्रिश्चन बर्नार्ड व त्यांचे सहकारी यांनीं एका मृत व्यक्तीचें हृदय काढून दुसऱ्या मनुष्याच्या छातींत बसविलें. विजेचा हलकासा धक्का देतांच तें हृदय नव्या शरीरांत धडकूं लागलें. मनुष्यामनुष्यांमधील हृदयारोपणाचा हा जगांतील पहिला प्रसंग होय. रोगी होता लुई वॉशकान्स्की, पन्नाशी उलटलेला एक किराणा दुकानदार. त्याचें स्वतःचें हृदय इतकें थकलें होतें कीं, दुसरा कोणताही उपाय उरला नव्हता.

हृदय ज्या व्यक्तीचें, ती डेनिस डारव्हॉल नांवाची पंचवीस वर्षांची तरुणी. आदल्या दिवशीं ती आईबरोबर केक विकत घेऊन रस्ता ओलांडीत असतां मोटारीनें दोघींस ठोकरलें. आई जागींच गेली. मुलीच्या मेंदूस झालेली इजा असाध्य आहे असें डॉक्टरांनीं तिच्या वडिलांस सांगितलें आणि एक विलक्षण परवानगी मागितली. ज्याची पत्नी व मुलगी एकाच दुपारीं गेली, त्या गृहस्थानें थोड्याच मिनिटांत होकार दिला. जगानें डॉक्टर बर्नार्ड यांचें नांव लक्षांत ठेविलें, आणि तें योग्यच आहे. परंतु या बातमींत धैर्याची परीक्षा जर कोणाची झाली असेल तर ती त्या पित्याची, असें आम्हांस वाटतें. येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेंत तेव्हां वर्णभेदाचा कायदा होता. गोऱ्यांच्या व इतरांच्या शाळा, वस्त्या, रुग्णालयांतील कक्षसुद्धां निरनिराळे असत. त्या गोऱ्या मुलीचें एक मूत्रपिंड मात्र एका दहा वर्षांच्या मिश्रवर्णीय मुलास दिलें गेलें. ज्या दोन देहांस एका बाकावर बसण्याची मुभा नव्हती, त्यांतील एकाचा अवयव दुसऱ्यांत बिनतक्रार काम करूं लागला.

वॉशकान्स्की अठरा दिवस जगला. २१ डिसेंबर रोजीं फुप्फुसांच्या दाहानें त्याचा अंत झाला. याचें कारण विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्याजोगें आहे. आपलें शरीर परक्या वस्तूस शत्रु मानतें. जंतु असो वा दुसऱ्याचें हृदय असो, रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात. ही लढाई थांबविण्यासाठीं डॉक्टरांनीं औषधें देऊन शरीराची ही संरक्षक शक्तीच दाबून टाकली. त्यामुळें हृदय वांचलें, पण जंतूंस दार मोकळें झालें. हृदय शेवटपर्यंत चांगलें चाललें होतें. रोगी गेला तो हृदयानें नव्हे, तर हृदयास दिलेल्या संरक्षणानें.

पुढच्या वर्षीं जगभर अशा सुमारें शंभर शस्त्रक्रिया झाल्या. फेब्रुवारी १९६८ मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनींही हृदयारोपण केलें. तो रोगी कांहीं तासच जगला. बहुतेक ठिकाणीं अशीच निराशा पदरीं आली आणि १९७० नंतर कित्येक रुग्णालयांनीं हा मार्ग सोडून दिला. १९८० च्या सुमारास सायक्लोस्पोरिन नांवाचें अधिक चांगलें औषध हातीं आलें तेव्हां कोठें गाडी पुन्हां रुळावर आली. भारतांत अवयवदानाचा कायदा १९९४ सालीं झाला आणि त्याच वर्षीं दिल्लीस देशांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण झालें. मनुष्य मृत केव्हां म्हणावा, हृदय थांबल्यावर कीं मेंदू निकामी झाल्यावर, हा प्रश्न पूर्वीं तत्त्वज्ञांचा होता. केप टाऊनच्या त्या रात्रीनंतर तो कायदेमंडळांचा व प्रत्येक घराचा झाला.

आतां नकाशावर बोट आपल्या सह्याद्रीकडे आणावें. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत कोयना नदीवर जें धरण आहे, तें सुमारें १०३ मीटर उंच आहे. त्याच्यामागें पसरलेल्या शिवसागर जलाशयांत त्या काळीं जवळजवळ शंभर अब्ज घनफूट पाणी मावत असे. कोयनेचें पाणी स्वभावतः पूर्वेस वाहतें व कऱ्हाडास कृष्णेला मिळतें. येथील अभियंत्यांनीं तें डोंगर पोखरून पश्चिमेस वळविलें, कोंकणांत पोफळीस उंचावरून खालीं सोडिलें आणि त्यावर वीज उत्पन्न केली. या विजेवर मुंबईच्या गिरण्या व कारखाने चालूं लागले. हें कार्य मोठें होतें यांत संशय नाहीं. खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं, त्या लोकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र अर्धशतक उलटून गेल्यावरही पुरता सुटलेला नव्हता, हेंही त्याच कार्याच्या हिशेबांत धरलें पाहिजे.

११ डिसेंबर, सोमवार. पहांटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं या खोऱ्यांत भूकंप झाला. लोक गाढ झोंपेंत होते. दगडमातीच्या भिंती व जड छपरें माणसांवर कोसळलीं. कोयनानगर येथील बहुतेक घरें उध्वस्त झालीं. सुमारें १८० माणसें मृत्यु पावलीं आणि दोन हजारांहून अधिक जखमी झालीं. धक्का मुंबई, पुणें, गोमंतक येथपर्यंत जाणवला. वीजगृह बंद पडलें, आणि ज्या मुंबईनें कोयनेचें नांव केवळ विजेच्या संबंधांत ऐकलें होतें, तिला तें नांव अंधारांत पुन्हां ऐकावें लागलें. भूकंपाची तीव्रता पूर्वींच्या मापनाप्रमाणें ६.५ व नंतरच्या मापनाप्रमाणें सुमारें ६.३ धरतात.

धरण फुटलें नाहीं. हें वाक्य लहान आहे, परंतु कऱ्हाडपासून खालीं कृष्णाकांठच्या लोकांसाठीं याहून मोठें वाक्य त्या दिवशीं दुसरें नव्हतें. धरणास भेगा मात्र पडल्या. त्याच्या मागील अंगाचा उतार जेथें वरच्या बाजूस एकदम बदलतो, नेमक्या त्या उंचीवर आडव्या भेगा गेल्या. धरण बांधतांना अभियंत्यांनीं भूकंपाचा विचार मुळींच केला नव्हता असें नाहीं. गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्शाइतका आडवा हिसका बसेल, असें धरून त्यांनीं आंकडे मांडले होते. धरणांत बसविलेल्या यंत्रानें त्या पहांटे जो हिसका नोंदला, तो गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून अधिक होता. म्हणजे धरलेल्या आंकड्याच्या दसपटीहून जास्त. त्या यंत्रावर उमटलेली वांकडीतिकडी रेषा पुढें जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अभ्यासली गेली. जपान, अमेरिका येथील धरणांचीं गणितेंही तिच्यावर तपासून पाहिलीं गेलीं. कोयनेच्या धरणास पुढें मागील बाजूनें काँक्रीटचा जाड आधार देऊन तें बळकट करण्यांत आलें.

या भूकंपानें शास्त्रज्ञांस चकित केलें तें त्याच्या तीव्रतेमुळें नव्हे, तर त्याच्या जागेमुळें. हिमालय तरुण पर्वत आहे, तेथें भूमि हलावयाचीच. परंतु दख्खनचें पठार म्हणजे काळ्या कातळाच्या थरांवर थर, पृथ्वीच्या पाठीवरील स्थिर भागांपैकीं एक, अशी समजूत होती. मग येथें भूमि कां हलली? उत्तर शोधतांना तारखांकडे लक्ष गेलें. जलाशयांत पाणी सांठूं लागलें १९६२ सालीं. त्यानंतर लवकरच या भागांत लहान लहान धक्के जाणवूं लागले. १९६७ सालीं पाऊस भरपूर झाला आणि पाण्याची पातळी पुष्कळ दिवस उंच राहिली. सप्टेंबरांत एक मोठा धक्का बसला व डिसेंबरांत हा भयंकर भूकंप.

पाण्याचा भार हें एक कारण, पण तें सर्वस्वीं पुरें पडत नाहीं. कारण पर्वतांच्या वजनापुढें सरोवराचें वजन तें किती! शास्त्रज्ञांचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. जमिनीखालीं खोलवर कातळांत जुन्या भेगा असतात आणि तेथें पूर्वींपासून ताण सांठलेला असतो. दोन्ही बाजूंचे कातळ एकमेकांस घट्ट दाबून असतात म्हणून ते सरकत नाहींत. जलाशयाचें पाणी झिरपत त्या भेगांत शिरलें म्हणजे तें आंतून कातळांस दूर लोटतें, पकड ढिली होते, आणि जो ताण आणखी शेंकडों वर्षें सांठत राहिला असता तो आजच सुटतो. पावसाळ्यांत फुगलेलें दार एकीकडे आणि तेल घातलेली कडी दुसरीकडे, असा हा फरक आहे. म्हणजे धरणानें भूकंप निर्माण केला असें नव्हे. त्यानें भूकंपास निमंत्रण दिलें. डॉक्टर हर्ष गुप्ता व इतर संशोधक यांनीं या विषयावर अनेक वर्षें परिश्रम केले आहेत. जलाशयामुळें उद्भवणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला कीं जगांत कोठेंही प्रथम कोयनेचें नांव घेतात, कारण येथील भूकंप हा अशा भूकंपांतील सर्वांत मोठा मानला जातो.

हें प्रकरण तेथें संपलें नाहीं. त्यानंतरच्या अर्ध्या शतकांत त्याच लहानशा प्रदेशांत पांच किंवा अधिक तीव्रतेचे वीसांहून अधिक भूकंप झाले आहेत. पाटण तालुक्यांतील मुलांना घर हललें तर काय करावें हें विचारावें लागत नाहीं. तीं आपोआप अंगणांत येतात. कऱ्हाड येथें केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा स्थापन झाली असून कातळांत सुमारें तीन किलोमीटर खोल विवर पाडून भूकंपाच्या उगमाजवळची स्थिति तपासण्याचें काम तिनें केलें आहे. दख्खनची भूमि स्थिर आहे या जुन्या समजुतीस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी येथें याहून शतपट क्रूर उत्तर मिळालें, तें आपल्यांतील अनेक पालकांस प्रत्यक्ष आठवत असेल.

ज्या सोमवारीं कोयनानगरांत ढिगाऱ्यांखालून माणसें काढणें चालू होतें, त्याच सोमवारीं फ्रान्सांतील तुलूज येथें एका प्रचंड कोठाराचें दार उघडून काँकॉर्ड नांवाचें विमान प्रथमच लोकांपुढें आणण्यांत आलें. ध्वनीच्या दुप्पट वेगानें प्रवाशांस नेणारें हें विमान इंग्लंड व फ्रान्स यांनीं मिळून बांधलें होतें. नांवाच्या शेवटीं फ्रेंच पद्धतीप्रमाणें ‘ई’ हें अक्षर असावें कीं नसावें, यावर दोन राष्ट्रांचें कांहीं वर्षें भांडण चाललें होतें. ब्रिटिश मंत्री टोनी बेन यांनीं त्या समारंभांत ‘ई’ मान्य केल्याचें जाहीर केलें आणि तें अक्षर उत्कृष्टता, इंग्लंड, युरोप व स्नेहभाव या चार इंग्रजी शब्दांचें आद्याक्षर होय, असें स्पष्टीकरण दिलें. यावर स्कॉटलंडच्या एका गृहस्थानें इंग्लंडच कां म्हणून तक्रार केली, तेव्हां मंत्रिमहाशयांनीं स्कॉटलंडचें फ्रेंच नांवही ‘ई’नेंच सुरू होतें, असें उत्तर पाठविलें म्हणतात! युरोपविषयींचा हा स्नेह आठच दिवस टिकला. १९ डिसेंबर रोजीं ब्रसेल्स येथें फ्रान्सनें इंग्लंडचा युरोपीय सामायिक बाजारपेठेंतील प्रवेश दुसऱ्यांदा रोखून धरला. इंग्लंड तेथें शिरलें १९७३ सालीं आणि २०२० सालीं आपल्याच इच्छेनें बाहेर पडलें.

काँकॉर्डचें भाग्य काय झालें? जगांतील अनेक कंपन्यांनीं आधीं विमानें राखून ठेविलीं होतीं. आपल्या एअर इंडियानेंही दोन राखून ठेविलीं होतीं. इंधन फार लागे, आवाज कानठळ्या बसविणारा. तेल महागलें तसे एकेक गिऱ्हाईक मागें सरलें. १९७६ सालीं प्रवासी वाहतूक सुरू झाली ती ब्रिटिश व फ्रेंच कंपन्यांपुरतीच राहिली. २००० सालीं पॅरिसजवळ एक काँकॉर्ड कोसळून ११३ माणसें गेलीं, आणि २००३ सालीं हीं विमानें कायमचीं जमिनीवर उतरलीं. भविष्यकाळ म्हणून जें विमान त्या दिवशीं दाखविलें गेलें, तें आज संग्रहालयांत पाहावयास मिळतें.

१३ डिसेंबर रोजीं ग्रीसचा सत्तावीस वर्षांचा राजा कॉन्स्टंटाईन यानें, एप्रिलमध्यें सत्ता बळकावून बसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव करून पाहिला. उठाव एका दिवसांत फसला आणि राजा सहकुटुंब रोमला निघून गेला. लष्करी राजवट १९७४ सालीं कोसळली, पण ग्रीक जनतेनें राजाला मात्र परत बोलाविलें नाहीं. त्या आठवड्यांत ही फार मोठी बातमी होती. आज ती चार ओळींत मावते.

याच्या उलट १५ डिसेंबरची बातमी. अमेरिकेंत ओहायो नदीवर पॉइंट प्लेझंट गांवाजवळ एक झुलता पूल होता. त्यास चंदेरी रंग दिलेला असल्यामुळें लोक त्याला रुपेरी पूल म्हणत. नाताळ जवळ आलेला, शुक्रवारची संध्याकाळ, पुलावर मोटारींची दाटी. अवघ्या मिनिटभरांत सबंध पूल नदींत कोसळला व ४६ माणसें मृत्यु पावलीं. हा पूल १९२८ सालचा. इतर झुलत्या पुलांप्रमाणें तो तारांच्या जाड दोरखंडांवर टांगलेला नव्हता. दोन्ही टोंकांस भोंक असलेल्या लांब पोलादी पट्ट्या सांखळीसारख्या जोडून त्यांवर तो तोललेला होता. सांखळीच्या प्रत्येक दुव्यांत अशा दोनच पट्ट्या. चौकशी करणाऱ्यांनीं नदींतून लोखंड काढून तुकड्याशीं तुकडा जुळविला तेव्हां असें आढळलें कीं, एका पट्टीच्या भोंकाच्या कडेस इंचाच्या दहाव्या हिश्शाएवढी चीर होती. चाळीस वर्षांच्या गंजानें व ताणानें ती हळूहळू वाढली होती, आणि अशा जागीं होती कीं पूल सुटा केल्याशिवाय ती डोळ्यांस दिसलीच नसती. ती पट्टी तुटली, दुसरीस भार पेलला नाहीं, आणि पुढें कांहींच उरलें नाहीं. पूल बांधला तेव्हांपेक्षां मोटारी संख्येनें व वजनानें किती तरी वाढल्या होत्या, हेंही खरें. अमेरिकेंत सर्व मोठ्या पुलांची ठराविक मुदतींत तपासणी करण्याचा राष्ट्रीय नियम झाला, तो या पुलामुळें. एका आडगांवच्या पुलाची बातमी राजाच्या बातमीपुढें तेव्हां लहानच वाटली असेल. पण त्यानंतर अमेरिकेंत जे जे पूल वेळींच दुरुस्त झाले, त्यांवरून सुखरूप पलीकडे गेलेल्या माणसांची बातमी कधींच छापली जात नाहीं.

१७ डिसेंबर, रविवारीं ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट व्हिक्टोरिया प्रांतांतील शेव्हियट किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्रांत पोहावयास उतरले आणि दिसेनासे झाले. मोठा शोध झाला. देह सांपडला नाहीं. चालू कारकीर्दींत एका देशाचा पंतप्रधान असा पाण्यांत नाहींसा व्हावा ही गोष्ट लोकांच्या मनास पटेना. मग कोणी म्हणे आत्महत्या, कोणी म्हणे शत्रूची पाणबुडी येऊन घेऊन गेली. २००५ सालीं अधिकृत चौकशींत साधा निर्णय लागला, कीं ते अपघातानें बुडाले. त्यांच्या स्मरणार्थ मेलबर्न येथें उभारलेलें स्मारक कोणतें, हें ऐकून विद्यार्थ्यांस हंसूं आल्यास आम्ही रागावणार नाहीं: तो एक पोहण्याचा तलाव आहे.

होल्ट यांच्या स्मृतिप्रार्थनेस अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन स्वतः मेलबर्नला गेले, कारण व्हिएतनाम युद्धांत ऑस्ट्रेलिया त्यांच्या बाजूस उभी होती. तेथून थायलंड, व्हिएतनाममधील अमेरिकन छावणी, कराचीस अयूबखान यांची भेट आणि रोमला पोपसाहेबांची भेट, असें करीत ते नाताळच्या आदल्या दिवशीं घरीं पोहोंचले. पृथ्वीप्रदक्षिणा थोड्या दिवसांत झाली, पण शांतता कोठेंच मिळाली नाहीं. जानेवारीच्या अखेरीस व्हिएतनामच्या शहराशहरांतून जो हल्ला सुरू झाला, त्यानें अमेरिकेचा धीर खचला आणि मार्चअखेर जॉन्सन यांनीं पुन्हां निवडणूक लढविणार नसल्याचें जाहीर केलें.

क्रिकेटशिवाय हा आढावा आमच्या वाचकांस अपुरा वाटेल, म्हणून सांगतों. २३ डिसेंबरपासून ॲडलेड येथें भारताचा कसोटी सामना झाला. पतौडी जायबंदी असल्यामुळें नेतृत्व पुण्याच्या चंदू बोर्डे यांजकडे आलें. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या अबिद अली यांनीं एका डावांत ५५ धावांत सहा गडी बाद केले. सामना भारतानें १४६ धावांनीं गमावला. त्याच दौऱ्याच्या उत्तरार्धांत न्यूझीलंडमध्यें मात्र भारतानें परदेशांतील आपली पहिली कसोटी मालिका जिंकली.

आतां त्या महिन्यांतील एक बातमी राहिली, जी त्या महिन्याच्या कोणत्याही वर्तमानपत्रांत शोधून सांपडणार नाहीं. इंग्लंडांत केंब्रिजजवळ एका शेतांत खांब रोवून व तारा ओढून आकाशांतील रेडिओलहरी ऐकण्याची एक दुर्बीण उभारली होती. ती उभारण्यांत जोसेलिन बेल नांवाच्या एका विद्यार्थिनीनें स्वतः हातोडा चालविला होता. यंत्र रोज शेंकडा फुटांच्या जवळपास लांब कागदावर रेषा काढी, आणि ती मुलगी तो सर्व कागद डोळ्यांखालून घाली. त्यांत एके ठिकाणीं पाव इंचाएवढा खरखरीत डाग तिला पुन्हां पुन्हां दिसूं लागला. दुसऱ्या कोणी तो दुर्लक्षिला असता. नोव्हेंबरच्या अखेरीस अधिक वेगवान यंत्रावर पाहतां तो डाग म्हणजे ठोके असल्याचें आढळलें. घड्याळासारखे नियमित, दर १.३३७ सेकंदांनीं एक. दूरच्या जगांतील कोणी प्राणी तर हांक मारीत नाहींत ना, अशी थट्टा होऊन त्या ठोक्यांस ‘छोटीं हिरवीं माणसें’ असें टोपणनांव पडलें. थट्टेमागें चिंताही होती. कारण असली गोष्ट जाहीर करावी तरी कशी? नाताळच्या सुटीपूर्वीं थोडे दिवस, आकाशाच्या अगदीं निराळ्या भागांत तिला तसलेच दुसरे ठोके सांपडले. दोन निरनिराळ्या दिशांनीं दोन जातींचे प्राणी एकाच वेळीं पृथ्वीस हांक मारतील हें संभवत नव्हतें. हे तारेच होते, अत्यंत लहान, अत्यंत घन, स्वतःभोंवतीं गरगर फिरणारे. मराठींत त्यांस स्पंदक म्हणतात. पल्सार हें इंग्रजी नांव अधिक प्रचारांत आहे.

फेब्रुवारी १९६८ मध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें. १९७४ सालीं त्यासाठीं नोबेल पारितोषिक दिलें गेलें तें तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांस, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञास. कागद तपासणाऱ्या विद्यार्थिनीचें नांव त्यांत नव्हतें. यावर पुष्कळ चर्चा झाली आहे आणि आमचें मत त्या विद्यार्थिनीच्या बाजूचें आहे. तिनें स्वतः मात्र कधीं कडवटपणा दाखविला नाहीं. २०१८ सालीं तिला तीस लाख डॉलरचें एक दुसरें पारितोषिक मिळालें, तेव्हां तिनें ती सर्व रक्कम, ज्यांस संशोधनाच्या क्षेत्रांत सहजासहजीं जागा मिळत नाहीं अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं देऊन टाकली.

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. नाशिककडे जातांना रस्त्यावरूनही कांहीं थाळ्या दिसतात. त्या थाळ्या ज्या अनेक गोष्टी ऐकतात, त्यांत १९६७ च्या डिसेंबरांत कोणत्याही वर्तमानपत्रानें न छापलेले हे ठोकेही असतात.